पन्नास पास्कल

दारात लाल कापड ताणून बसवतो,
कापडाच्या पोटात पंखा,
आणि घरातली हवा बाहेर ओढू लागतो.
पन्नास पास्कल. त्याहून जास्त नाही.
एवढ्या ओढीपुढे घराला खोटं बोलता येत नाही.
स्विचच्या पेटीतून शीळ येते,
सिंकखालून कुणी दमेकरी फुसफुसतो,
खिडकीच्या चौकटीत कुण्या सुताराने केलेली घाई
शंभर वर्षांनी माझ्या मनगटाला गार लागते.

डुलुथ. जानेवारी. बाहेर उणे बावीस.
सुपीरियर सरोवरावरून वाफ उठतेय,
चुलीवर ठेवून कुणी विसरून गेल्यासारखी.
कमी भाड्याची अठ्ठावीस घरं, पैसा सरकारचा,
म्हणून नियमही सरकारचे:
भिंतीत किती इंच कापूस,
नळातून मिनिटाला किती पाणी,
रंगाला वास नको,
आणि परिशिष्ट क, पान एक्केचाळीस:
प्रत्येक घर शेजारच्या घरापासूनही
वेगळं, हवाबंद.
शेजाऱ्याची सिगारेट, शेजाऱ्याची झुरळं, शेजाऱ्याची आग
यांनी आपापल्या घरी राहावं.
हे मला पटतं. अजूनही पटतं.
माझा बाप अशाच एका इमारतीत खोकत म्हातारा झाला,
आयुष्यात एकही सिगारेट न ओढता.

तीनशे चार नंबरचं घर नापास.
सगळं बुजवलं, तरी आकडा उतरेना.
धुराची कांडी घेऊन मी गुडघ्यांवर फिरलो.
धूर सरळ, सरळ, सरळ,
आणि पलंगाच्या उशाशी एकदम वळला,
कुणी हाक मारावी तसा.

जुन्या वाफेच्या नळाचं भोक.
नळ केव्हाच काढलेला.
भोकावर विणलेली लोकरीची टोपी,
किटलीवर घालतात तसली.
लेम्पी सारेला, वय एक्क्याऐंशी, दारातून म्हणाली,
"त्याला हात लावू नका, बेलांजर.
पलीकडे व्हर्ना झोपते."

एकोणीस वर्षं, रोज रात्री साडेनऊला
लेम्पी टोपी काढते, विचारते, "आहेस?"
भोकातून येतं, "आहे. तू?"
एवढंच.
दोघींचे नवरे गेले त्या त्या आठवड्यात
उत्तर यायला थोडा उशीर झाला, इतकंच.
भिंतीला कान असतात हे ऐकून होतो;
या भिंतीला दीड इंचाचं तोंड होतं.

मी कागद उलटसुलट चाळले.
गळतीला रकाने आहेत: जागा, व्यास, उपाय.
"आहेस?" कुठे लिहायचं?
मुदत शुक्रवारी संपत होती.
एका घरापायी साऱ्या इमारतीचा हप्ता अडला असता,
आणि यादीत अडीचशे नावं,
त्यातली काही याच थंडीत
गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपणारी.

मी भोक बुजवलं.
आगीला न जुमानणारी लांबी, विटकरी रंगाची,
अंगठ्याने दाबून, कडा पुसून.
लेम्पीने टोपीची घडी करून खिशात ठेवली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
पलीकडून व्हर्ना काहीतरी म्हणाली असावी.
ऐकू आलं नाही,
म्हणजे काम चोख झालं होतं.
पंखा लावला. आकडा उतरला. पास.

मार्चमध्ये लेम्पीचा फोन:
"बिल चुकलंय. फेब्रुवारीचे एकोणीस डॉलर?
दुसऱ्या कुणाचं आलंय माझ्या नावावर."
तुमचंच आहे, मी म्हणालो.
बराच वेळ नुसता तिचा श्वास.
"या हिवाळ्यात मी मोजे काढून झोपले.
ते खरं आहे, ते मी नाकारत नाही.
पण रात्री साडेनऊला आता चपला घालून
व्हर्नाचं दार वाजवायला जाते.
तिच्या गुडघ्यांना दारापर्यंत यायला चार मिनिटं लागतात.
चार मिनिटं मी बाहेर उभी असते, बेलांजर,
आणि ती आहे की नाही, मला माहीत नसतं."

फोन ठेवल्यावर मी तो अहवाल पुन्हा काढला,
'इतर' असा रकाना शोधला.
होता.
अर्ध्या ओळीचा.